नावडता पत्ता : संच, निवड आणि वाचनाची नीती

एखादी कलाकृती आवडते असे म्हणताना तिच्यातील प्रत्येक घटक आवडतो असे अभिप्रेत असते काय? प्रश्न जुना आहे आणि सौंदर्यशास्त्राने त्याला दिलेली उत्तरेही परिचित आहेत. परंतु ही उत्तरे बहुधा महाकाव्य, नाटक, कादंबरी यांसारख्या आरंभ-मध्य-अंत असलेल्या कृती समोर ठेवून दिली गेली आहेत. ज्या कृतीला ठरलेला क्रमच नाही, जिचे घटक दर वेळी पिसले जातात आणि दर वेळी त्यांतले मोजकेच वाचकासमोर येतात, तिच्याबाबतीत हा प्रश्न कोणते रूप घेतो? टॅरोचा पत्त्यांचा संच ही अशी एक कृती आहे. त्याच्याशी वर्षानुवर्षे सहवास असणाऱ्यांना हा अनुभव येतो की अठ्ठ्याहत्तरांपैकी सत्त्याहत्तर पत्ते मनापासून प्रिय असतात आणि एक मात्र हाती आला की मन आक्रसते. तो काढून ठेवावा असे वाटते; कित्येक जण तो काढूनही ठेवतात. भविष्यकथनावर विश्वास असण्या-नसण्याशी या अनुभवाचा फारसा संबंध नाही. पत्त्यांकडे केवळ चित्रमालिका म्हणून पाहणाऱ्यालाही तो येतो. म्हणूनच तो समीक्षेच्या कक्षेत येतो, आणि ‘काढून ठेवणे’ ही एक कृती असल्यामुळे नीतीच्याही.

विवेचनासाठी एक पत्ता निश्चित करणे सोयीचे ठरेल. लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनसंस्थेने १९०९च्या डिसेंबरात प्रसिद्ध केलेला, आर्थर एडवर्ड वेट यांनी योजलेला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेला संच आज जगभर सर्वाधिक परिचित आहे. त्यातील तलवारींची तिर्री हा पत्ता असा : राखाडी आकाश, ढग, तिरप्या रेषांत कोसळणारा पाऊस, मध्यभागी एक तांबडे हृदय आणि त्याला आरपार भेदून गेलेल्या तीन तलवारी. एवढेच. वेट यांनी १९११च्या आपल्या ग्रंथात विरह, विलंब, फाटाफूट असे अर्थ नोंदवून पुढे सुचविले आहे की चित्रातून जे सहज सूचित होते ते इतके उघड आहे की त्याची निराळी यादी देण्याचे कारण नाही. भाष्यकाराने आपल्याच संचातील एका चित्रासमोर असे हात झटकावेत ही गोष्ट लक्षणीय आहे. जेथे व्याख्येला वावच उरत नाही तेथे चित्राचे काहीतरी बिघडले आहे, अशी शंका येथूनच यावयास हवी.

हा पत्ता का नावडतो याचे पहिले आणि सोपे उत्तर असे की तो दुःखाचा आहे. हे उत्तर टिकत नाही. याच संचात तलवारींची नव्वी आहे : रात्री अंथरुणावर उठून बसलेली, दोन्ही तळव्यांत तोंड झाकलेली एक व्यक्ती. तलवारींची दश्शी आहे : पाठीत दहा तलवारी रुतलेला, जमिनीवर पालथा पडलेला मनुष्य. चषकांची पंजी आहे : काळ्या झग्यातील एक आकृती सांडलेल्या तीन चषकांकडे पाहते आहे आणि मागे उभे असलेले दोन तिला दिसत नाहीत. विजेने कोसळणारा मनोरा आहे, घोड्यावरून येणारा मृत्यू आहे. हे सारे पत्ते भयंकर किंवा करुण आहेत, आणि तरीही त्यांच्यावर प्रेम करणे कठीण जात नाही. नव्वीवर तर अनेकांचे विशेष प्रेम असते. तेव्हा आशय दुःखद असणे हे नावडीचे पुरेसे कारण नव्हे.

भेद अन्यत्र आहे. स्मिथ यांनी या संचातील छप्पन्न लघुपत्त्यांना प्रसंगचित्रांचे रूप दिले, आणि त्यांतील चार एक्के वगळले (एक्क्यांवर ढगातून बाहेर आलेला हात तरी आहे) तर मनुष्याकृती नसलेले पत्ते दोनच उरतात : दंडांची अट्ठी आणि तलवारींची तिर्री. अट्ठीत आकाशातून तिरपे जाणारे आठ दंड असले तरी खाली नदी आहे, टेकडी आहे, एक भूदृश्य आहे. तिर्रीत भूमीच नाही. हृदय आहे, पण ते कोणाचे हे नाही. घाव आहे, घायाळ नाही. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे शोक आहे, पावसासारखे उद्दीपन आहे, परंतु त्या शोकाला आश्रय नाही. नव्वीतील ती उठून बसलेली व्यक्ती शोकाचा आश्रय आहे. तिचे तोंड झाकणे हा अनुभाव आहे. आणि ती कोण हे ठाऊक नसल्यामुळेच तिचे दुःख साधारणीकृत होऊन प्रेक्षकापर्यंत पोचते. तिर्रीत हा मधला दुवा काढून टाकलेला आहे. रिकाम्या राहिलेल्या आश्रयाच्या जागी मग प्रेक्षक स्वतःच जाऊन बसतो, कारण दुसरे कोणी तेथे नाही. हे हृदय त्याचे होते.

अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीची जी विघ्ने सांगितली त्यांत स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे हे एक आहे. प्रेक्षागृहातील संगीत, सुशोभित मंडप ही या विघ्नाच्या निवारणासाठीची उपाययोजना होय. टॅरोच्या वाचनात परिस्थिती नेमकी उलटी असते : पृच्छक स्वतःच्या सुखदुःखासह, किंबहुना त्यांच्यासाठीच, पत्त्यांसमोर बसलेला असतो. अशा स्थितीत इतर पत्त्यांवरील माणसे हीच त्याला अंतर देणारी एकमेव सोय असते. तिर्री ती सोय नाकारते. चित्र म्हणून हा तिचा दोष म्हणावा लागेल. मात्र पृच्छकाला थेट गाठणारा पत्ता म्हणून हेच तिचे सामर्थ्य नव्हे काय, असा प्रश्न लगेच पुढे येतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविषयक संकल्पना लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये वावरते असे दाखविले, या पत्त्याविषयीची नावडही तशीच दोन ध्रुवांत हेलकावते. तिला शुद्ध कलात्मक म्हणता येत नाही आणि शुद्ध वैयक्तिकही म्हणता येत नाही.

ही नावड ऐतिहासिकदृष्ट्या नवी आहे, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. टॅरो हा मुळात खेळ. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो जन्मला आणि पुढील तीनेकशे वर्षे हुकूम आणि हात यांचा खेळ म्हणूनच युरोपभर खेळला गेला. त्याला गूढविद्येचा साज अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः कूर द गेब्लँ यांच्या १७८१मधील प्रतिपादनानंतर चढला. तर्कशास्त्राचे तत्त्वज्ञ म्हणून ख्यातकीर्त असलेल्या मायकेल डमेट यांनी १९८०च्या आपल्या बृहद्ग्रंथात हे निःसंदिग्धपणे मांडले आहे. मार्सेय घराण्याच्या जुन्या संचांत तलवारींच्या तिर्रीवर फक्त तीन तलवारी असतात, आपल्याकडील सावंतवाडीच्या गंजिफांत राजा आणि प्रधान यांखेरीजच्या पानांवर केवळ त्या त्या रंगाची चिन्हे असतात तशा. अशा पानावर राग कोण धरणार? चिडायचे तर ते नको तेव्हा हाती आले म्हणून. अंकपत्त्यांनाही चित्रे असलेला सोला-बुस्का संच पंधराव्या शतकाच्या अखेरीचा, आणि त्यात तीन तलवारींनी भेदलेले हृदय आहे. स्मिथ यांनी ते पाहिले असावे असे दोन्ही चित्रांच्या साम्यावरून अभ्यासक मानतात. परंतु तो संच अपवाद होता. १९०९नंतर अपवादाचा नियम झाला. तिर्री नावडती होण्यासाठी ती आधी चित्र व्हावी लागली.

खेळाच्या युगातही पत्ते नावडत होतेच, पण त्या नावडीचा निकाल सोपा होता. पोपच्या सत्तेखालील बोलोन्यात १७२५मध्ये पत्त्यांच्या एका संचावरून वाद उफाळला आणि त्याची परिणती पोप-सम्राटादी चार पत्त्यांच्या जागी चार मूर येण्यात झाली. बझांसोंच्या परंपरेत पोप आणि स्त्री-पोप यांना हटवून ज्युपिटर व जूनो आले. सिसिलीत सैतानाच्या जागी जहाज आले. आणि या सर्व ठिकाणी खेळ पूर्ववत चालू राहिला. सोस्यूर यांनी बुद्धिबळाच्या दृष्टान्ताने हेच सांगितले आहे : घोडा हरवला तर कोणतीही वस्तू त्याच्या जागी चालते, त्या वस्तूला घोड्याचे मूल्य दिले म्हणजे झाले. खेळातील पत्ता हा मूल्य असतो, त्याचा चेहरा हा केवळ वाहक. म्हणून ज्याचा चेहरा नकोसा झाला त्याचा चेहरा बदलावा, मूल्याला धक्का लागत नाही. वाचनात मात्र चेहरा हाच अर्थ होतो. तेथे जहाज हे सैतानाचे काम करू शकत नाही. खेळाकडून वाचनाकडे, मूल्याकडून अर्थाकडे झालेल्या या संक्रमणातच नावडत्या पत्त्याची नैतिक अडचण निर्माण झाली आहे.

बोलोन्याच्या खेळाबाबत आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथील संच बासष्ट पत्त्यांचा असतो. चारही रंगांतील दुर्री ते पंजी हे पत्ते काढून टाकलेले असतात. म्हणजे तलवारींची तिर्री तेथे नाहीच! पण तिच्याबरोबर चषकांची, दंडांची, नाण्यांचीही तिर्री नाही. ही वजाबाकी नियमाने झालेली आहे, ती कोणाही एका पत्त्याकडे पाहून केलेली नाही. याउलट चषकांची तिर्री, म्हणजे चषक उंचावून नाचणाऱ्या तीन स्त्रियांचे स्मिथ यांचे प्रसन्न चित्र, ठेवून तलवारींची तिर्री तेवढी काढणारा वाचक व्यवस्था लहान करीत नाही. तो तिला एका बाजूस कलती करतो. संख्येने पाहिले तर बोलोन्याने सोळा पत्ते काढले आणि याने एकच. परंतु सोळांची वजाबाकी निष्पक्ष आहे आणि एकाची नाही.

‘पोएटिक्स’मध्ये अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की ज्याच्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही तो समग्राचा भाग नव्हे. या कसोटीने पाहू गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. एखाद्या मांडणीत अठ्ठ्याहत्तरांपैकी दहा पत्ते घेतले जातात. तिर्री त्यांत बहुधा नसतेच. म्हणजे बहुतांश वाचनांत तिच्या नसण्याने डोळ्यांना दिसेल असा काहीच फरक पडत नाही. तरीही ती संचात असताना न येणे आणि संचातच नसल्यामुळे न येणे या दोन गोष्टी एक नव्हेत. चषकांची दश्शी आणि तिच्यावरील इंद्रधनुष्य यांना काही अर्थ आहे तो त्यांच्या जागी तिर्रीही येऊ शकली असती म्हणून. पत्ते पिसण्याच्या क्रियेला जो गंभीरपणा आहे तो या शक्यतेतून आलेला आहे. तिर्री काढली की दिसणाऱ्या पत्त्यांपैकी एकही बदलत नाही, परंतु प्रत्येकाचे वजन किंचित घटते. मर्ढेकरांच्या लयसिद्धान्तातील विरोधलय येथे आठवेल. पण ती कृतीत प्रत्यक्ष हजर असलेल्या घटकांमधली आहे. टॅरोच्या संचात अनुपस्थित घटकही लयीत भाग घेतो. क्रमबद्ध कृतीला लावलेली सेंद्रिय एकात्मतेची कल्पना या संचाला जशीच्या तशी लागू करता येत नाही ती यामुळेच.

साहित्याच्या वाचकाला हे सारे अपरिचित नाही. नेहम टेट यांनी १६८१मध्ये ‘किंग लिअर’चा शेवट बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले आणि तिचा विवाहही लावून दिला. एडमंड कीन यांनी १८२३मध्ये मूळ शोकान्त शेवट रंगभूमीवर आणून पाहिला खरा, पण शेक्सपिअरच्या संहितेला रंगमंचावर पुन्हा घट्ट पाय रोवण्यास १८३८ उजाडावे लागले. सॅम्युएल जॉन्सन यांच्यासारख्या समीक्षकानेही आपण कॉर्डेलियाच्या मृत्यूने इतके हादरलो की संपादनाची वेळ येईपर्यंत ते अखेरचे प्रवेश पुन्हा वाचू शकलो नाही, अशी कबुली १७६५च्या आवृत्तीत दिली आहे. जॉन्सन आणि टेट यांची नावड एकच; वर्तन मात्र भिन्न. जॉन्सन यांनी पाने उलटली नाहीत, टेट यांनी ती बदलली. आणि संपादक म्हणून काम करण्याची वेळ आली तेव्हा जॉन्सन यांनी ती पाने वाचली. वाचक म्हणून त्यांनी स्वतःला दिलेली सवलत संपादक म्हणून घेतली नाही, हा बारकावा मोलाचा आहे.

चित्रांच्याच बाबतीत याहून नेमका प्रसंग भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त आहे. पहिल्या अंकातील चित्रदर्शनात राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच जीवनाची चित्रमालिका पाहत आहेत. लक्ष्मण मंथरेच्या चित्राकडे निर्देश करतो. राम काही न बोलता पुढच्या चित्राकडे वळतो आणि सीतेला शृंगवेरपुरातील इंगुदीचा वृक्ष दाखवू लागतो. मधल्या मातेचा वृत्तान्त आर्यांनी गाळला, हे लक्ष्मणाच्या ध्यानात येते. तो मनाशी हसतो. नाटककाराने या क्षणाला एवढीच जागा दिली आहे, पण त्यात नावडत्या चित्राची सगळी मीमांसा आहे. रामाने चित्र पुसले नाही, चित्रकाराला दोष दिला नाही. भिंतीवर ते राहिलेच. त्याने केवळ दृष्टी पुढे नेली. आणि त्याचे ते गाळणे पाहणारा एक साक्षी तेथे उभा होता. पुढे शूर्पणखेच्या चित्राने सीता घाबरते तेव्हा हे चित्र आहे असे सांगून राम तिला धीर देतो. स्वतःच्या बाबतीत मात्र चित्र हे चित्रच आहे हा विवेक त्याला पुरला नव्हता! स्वतःसाठी एक न्याय आणि प्रिय व्यक्तीसाठी दुसरा, ही विसंगती माणसाची आहे. तिच्यात दंभ पाहण्याचे कारण नाही.

येथून नीतीचा प्रश्न स्पष्ट होतो. नुकताच आप्तवियोग झालेल्या व्यक्तीने तिर्री काही महिने खणात ठेवली तर तिने कोणाची फसवणूक केली असे म्हणता येणार नाही. तिचे वाचन तिच्यापुरते आहे, आणि वजाबाकी तिला ठाऊक आहे. रामाप्रमाणे ती दृष्टी पुढे नेते आहे आणि लक्ष्मणही तीच आहे. कठोर सौंदर्यवादी यावरही आक्षेप घेईल. तो घेऊ द्यावा. परंतु हीच व्यक्ती दुसऱ्याचे पत्ते वाचावयास बसते आणि तिर्री आधीच काढून ठेवते, तेव्हा स्थिती पालटते. समोरचा पृच्छक अठ्ठ्याहत्तर शक्यतांपुढे बसलो आहोत अशा समजुतीने पत्ते काटतो. त्याला जे मिळते ते कोणीतरी त्याच्या हिताचा विचार करून आधीच गाळलेले असते. हेतू करुणेचा आहे, यात शंका नाही. पण त्याला न सांगता त्याच्या दुःखाच्या शक्यतेवर दुसऱ्याने मालकी सांगितली आहे. जे संपादक काव्यसंग्रहातून अवघड कविता मुकाट्याने गाळतात, किंवा शालेय आवृत्तीतून एखादे प्रकरण वगळून ‘संक्षिप्त’ हा शब्द मुखपृष्ठावर घालावयाचे विसरतात, त्यांचे वर्तन याच जातीचे होय. टेट यांच्याबाबतीत निदान इतके तरी म्हणता येते की आपण नाटकात फेरफार केला हे त्यांनी लपविले नाही.

मग नावड इतकी तीव्र असेल की पत्ता सोसतच नाही, तर काय करावे? परंपरेने याचे उत्तर नवा संच असे दिले आहे. अॅलिस्टर क्रौली यांच्या योजनेनुसार फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात चितारलेल्या ‘थॉथ’ संचात अंतिम न्यायाचा पत्ता राहिला नाही, त्या जागी ‘युग’ आले. आणि तलवारींच्या तिर्रीतून हृदय गेले, तेथे अंधाऱ्या पार्श्वभूमीवर तलवारींनी उधळलेला गुलाब आला. खाली ‘शोक’ हा शब्द मात्र स्पष्ट छापलेला आहे. क्रौली यांच्या एकंदर विचारांविषयी कोणाचे काहीही मत असो, येथे एका पत्त्याच्या नावडीची भरपाई अठ्ठ्याहत्तर पत्त्यांच्या श्रमाने केलेली आहे. भवभूतीनेही रामकथेचा शेवट गाळला नाही. त्याने पहिल्या अंकात सीतात्याग ठेवला आणि त्याभोवती सात अंकांचे नवे नाटक उभे केले. अशा निर्मितीला दुरुस्ती म्हणणे अपुरे आहे.

या सगळ्यात स्मिथ यांचा विचार फार थोड्यांनी केला आहे. संचाला दीर्घकाळ प्रकाशक आणि योजक यांचीच नावे लाभली. प्रत्येक पत्त्यावर आपली आद्याक्षरांची मुद्रा उमटविणारी चित्रकर्ती त्या नावात नव्हती. १९०९मध्ये आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे मोठे काम अगदी थोड्या पैशांत केल्याचे नमूद केले आहे. तिर्री हे त्यांचे दुबळे चित्र आहे, असे वर सुचविले गेले. ते मत मागे घेण्याचे कारण दिसत नाही. मात्र नव्वी काढणारा हातही तोच आहे, आणि त्या हाताचे चांगले तेवढे आपले म्हणून उरलेले खणात टाकावयाचे, या व्यवहाराला वाङ्मयीन आस्वादात जितकी मुभा आहे तितकीच येथेही असावी, अधिक नाही. ज्ञानकोशकाराला कवीची निवडक कविता चालते. कवीच्या अभ्यासकाला समग्र लागते.

अठ्ठ्याहत्तर पत्त्यांचा म्हणून ओळखला जाणारा सर्वांत देखणा जुना संच स्वतःच अपुरा आहे. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास सोन्याच्या पार्श्वभूमीवर चितारलेल्या या संचाचे चौऱ्याहत्तर पत्ते आज उपलब्ध आहेत : पस्तीस न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, सव्वीस बेर्गामोच्या कर्रारा अकादमीत आणि तेरा कोल्लेओनी कुटुंबाकडे. नसलेले चार म्हणजे सैतान, मनोरा, नाण्यांचा अश्वारोही आणि तलवारींची तिर्री. नावडते म्हणूनच ते कोणी काढले असावेत हे अनुमान मोहक आहे, पण बिचाऱ्या अश्वारोह्याने कोणाचे काय बिघडविले होते याचे उत्तर त्यात मिळत नाही. आधुनिक प्रतिकृती विकणारे प्रकाशक हे चार पत्ते नव्याने रंगवून घेऊन संच पुरा करतात. म्हणजे त्यातील तिर्री कोणातरी आजच्या चित्रकाराला मुद्दाम बसून काढावी लागते. इतालो काल्विनो यांनी याच पत्त्यांवर आधारलेली आपली कथामाला १९६९मध्ये प्रथम प्रसिद्ध केली आणि १९७३मध्ये तिचा विस्तार केला. प्रत्येक कथेच्या समासात तिच्यात आलेल्या पत्त्यांची चित्रे छापलेली आहेत. सैतान आणि मनोरा हेही कथांमध्ये येतात. त्यांच्यासाठी काल्विनो यांनी नवी चित्रे काढून घेतली नाहीत. तेथे समास कोरा आहे आणि कथा पुढे चालू राहते.